मेडिकलवरून औषध घेताना : चिठ्ठी, पट्टी आणि बिल जुळवायची पद्धत

खानदेशात औषधांची खरेदी बहुधा बाजाराच्या दिवशी सगळ्यात शेवटी होते. बँकेचे काम, कृषी केंद्रातली फवारणीची औषधे, किराणा, आणि एस.टी. सुटायला दहा मिनिटे उरली की मेडिकल. चिठ्ठी पुढे करायची, पैसे द्यायचे, पिशवी घेऊन स्टँडकडे पळायचे. पिशवीत काय आले ते घरी गेल्यावर कळते, तेही घरात वाचणारे कुणी असेल तर. चोपडा असो, शहादा असो की साक्री, काउंटरवर होणाऱ्या चुका त्याच त्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पाच मिनिटे दिली तर टळतात. खाली सगळे टप्पे क्रमाने दिले आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या दोन टप्प्यांत आळस झाला की पुढचे सगळे अंदाजावर चालते.

## टप्पा १ : घरून निघण्याआधी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "मागच्या वेळची ती छोटी पांढरी गोळी द्या" असे म्हणून औषध मागणारे रोज येतात. छोट्या पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. त्यांत रक्तदाबाची आहे, थायरॉईडची आहे, झोपेचीही आहे. रंगावरून आणि आकारावरून औषध ओळखता येत नाही, ना तुम्हाला, ना दुकानदाराला. तेव्हा या गोष्टी एका पिशवीत घाला :

१. आत्ताची चिठ्ठी आणि त्याआधीची एक चिठ्ठी.

२. सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाची पट्टी किंवा बाटली. पट्टी संपली असेल तरी रिकामी पट्टी आणा, नावाचा भाग फाटू न देता. आणणे जमत नसेल तर मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

३. एका कागदावर रुग्णाचे वय आणि लहान मूल असेल तर त्याचे वजन. मुलाचा डोस वजनावर ठरतो. तीन वर्षांचे मूल दहा किलोचेही असते आणि पंधराचेही.

४. त्याच कागदावर : कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, बाई गरोदर आहे का, बाळाला पाजते का, किडनी, लिव्हर, दमा, पोटातला अल्सर यांपैकी काही आहे का, रोज दारू होते का. दारूचे लपवू नका. तापाच्या आणि मधुमेहाच्या साध्या गोळ्यांचाही हिशेब त्याने बदलतो.

५. आयुर्वेदिक काढा, जडीबुटी, गावातल्या जाणत्याने दिलेली पुडी, जे चालू असेल ते लिहा. कुणी रागावणार नाही, पण दुकानावरच्या फार्मासिस्टला माहीत असायला हवे.

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या भागांत, आणखी एक गोष्ट आठवणीने विचारा : घरात कुणाला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे का? असेल तर कार्ड बरोबर घ्या आणि कोणतेही औषध मागण्याआधी ते काउंटरवर दाखवा. अशा रुग्णाला ताप आला किंवा हाडे-सांधे जोरात दुखू लागले तर मेडिकलवरून दुखण्याची गोळी नेऊन वेळ काढायची नसते. सरळ दवाखाना गाठायचा असतो.

तपासा : पिशवीत चिठ्ठी, चालू औषधांच्या पट्ट्या आणि वय-वजनाचा कागद आहे का? घरात इन्सुलिन लागत असेल तर थर्मास किंवा थंड पिशवीसुद्धा आत्ताच घ्या. दुकानात पोहोचल्यावर ती आठवून उपयोग नाही.

## टप्पा २ : चिठ्ठी डॉक्टरांसमोरच समजून घ्या

दवाखान्याबाहेर पडल्यावर चिठ्ठीवरचे अक्षर लावत बसू नका. खुर्चीवरून उठण्याआधी चारच प्रश्न विचारा : हे औषध कशासाठी? किती वेळा? जेवणाआधी की नंतर? किती दिवस?

चिठ्ठीवर १-०-१ असे असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. बऱ्याच जणांना हे ठाऊक असते. घोटाळा होतो तो आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांत. व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्याला एक असते, आणि लोक ती रोज घेतात. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. असे औषध असेल तर डॉक्टरांना वाराचे नाव लिहायला सांगा : "फक्त सोमवार".

नियमाप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाची मात्रा आणि एकूण किती हे असावे लागते. शेड्यूल एच मधली, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या सरकारी यादीतली औषधे एका चिठ्ठीवर एकदाच देता येतात. पुन्हा द्यायची असतील तर डॉक्टरांनी तसे लिहिलेले लागते. रक्तदाब, साखर, थायरॉईड यांच्या चिठ्ठीवर "तीन महिने चालू" असे लिहून घेतले की दर महिन्याची हुज्जत वाचते.

सुरतेला कामाला असणाऱ्यांच्या घरी दुसरी अडचण असते. तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड इकडे तालुक्याला मिळत नाही. इंदूर-बऱ्हाणपूरहून उपचार घेऊन येणाऱ्यांचेही तेच. अशा वेळी दुकानदाराने आपल्या मनाने "यासारखेच" दुसरे देणे नियमात बसत नाही, कारण शेड्यूल एच आणि त्याहून कडक असलेल्या शेड्यूल एक्स या याद्यांतल्या औषधांना परस्पर पर्याय देता येत नाही. उपाय सोपा आहे. डॉक्टरांना ब्रँडसोबत औषधाच्या घटकाचे नाव आणि किती मिलिग्रॅम हे सुवाच्य लिहायला सांगा. मग ते कुठल्याही गावात मिळेल आणि जनऔषधी केंद्रातून स्वस्तही पडेल.

## टप्पा ३ : दुकान निवडताना

रोजच्या औषधांसाठी एकच दुकान धरा. तिथल्या फार्मासिस्टला तुमच्या घरातली सगळी औषधे माहीत असली की दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहिले आहे हे त्याच्या लक्षात येते. हा लाभ कुठल्याही सवलतीपेक्षा मोठा आहे.

दुकान धरण्याआधी एवढे पाहा :

- भिंतीवर दर्शनी भागात परवाना लावलेला आहे का? फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र आहे का?
- फार्मासिस्ट स्वतः हजर असतो का? चिठ्ठीची औषधे त्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. "साहेब बाहेर गेलेत, पण मी देतो ना" हे उत्तर चालवून घेऊ नका.
- फ्रिज चालू आहे का आणि त्यात फक्त औषधेच आहेत का? पाण्याच्या बाटल्या आणि लस्सी त्यातच ठेवली असेल तर दार दिवसभर उघड-बंद होते. लाईट गेल्यावर फ्रिज कशावर चालतो हेही विचारा. भारनियमनाच्या दिवसांत हा प्रश्न फार कामाचा आहे.
- औषधांची खोकी दुपारच्या उन्हात ओट्यावर तर पडलेली नसतात?

पाड्यावर मेडिकल नसते, किराणा दुकान असते. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात ठरावीक घरगुती औषधे परवान्याशिवाय विकायची सवलत नियमात आहे, पण ती कंपनीच्या मूळ, न फोडलेल्या पॅकमध्येच. अँटिबायोटिक त्यात मुळीच नाही. किराणा दुकानातून सुट्टी कॅप्सूल घेऊ नका.

## टप्पा ४ : काउंटरवर काय सांगायचे आणि काय मागायचे नाही

आधी सांगा, मग चिठ्ठी द्या. औषध कुणासाठी, वय किती, आणि टप्पा १ मधला कागद. "माझ्यासाठी नाही, आईसाठी आहे, तिला किडनीचा त्रास आहे" एवढ्या एका वाक्याने दुखण्याची चुकीची गोळी टळते.

चिठ्ठीशिवाय आलेला माणूस बहुधा म्हणतो, "भाऊ, तापनी गोळी दे." इथपर्यंत ठीक आहे. साधी पॅरासिटामॉल मागायला हरकत नाही. पण पुढचे वाक्य जड जाते : "एक डोस बांधून द्या, लवकर फरक पडेल असा." मग कागदाच्या पुडीत चार सुट्ट्या गोळ्या येतात. त्यांत एक दुखण्याची, एक अँटिबायोटिक आणि कधी कधी स्टेरॉईड असते. स्टेरॉईडने ताप आणि दुखणे दोन दिवस दबते, अंगात तरतरी वाटते, म्हणून लोकांना हा डोस "लागू पडतो". आतला आजार मात्र वाढत राहतो. मधुमेह असेल तर साखर भडकते, आणि वारंवार घेतले तर हाडे ठिसूळ होतात, तोंड सुजते. पुडीवर नाव नाही, बॅच नाही, तारीख नाही. उद्या रिअ‍ॅक्शन आली तर दवाखान्यात काय घेतले ते सांगता येणार नाही.

सावध : कापलेल्या किंवा फोडलेल्या सुट्ट्या गोळ्यांची बिननावाची पुडी कुणाकडूनही घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो.

अँटिबायोटिक मागून घेऊ नका. ज्या पट्टीच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ आहे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढे घरातल्या शाळकरी पोरालाही शिकवता येते. शेड्यूल एच-१ मधली औषधे (काही अँटिबायोटिक, टीबीची औषधे, झोपेच्या काही गोळ्या) मार्च २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून द्यावी लागतात. त्यात रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव येते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. दुकानदाराने नाव-पत्ता विचारला तर चिडू नका. तो काम बरोबर करतो आहे.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर पातळ औषधाच्या बाटल्या बदलत राहू नका. थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आणि एक : मेडिकलच्या मागच्या खोलीत इंजेक्शन किंवा "अशक्तपणाची सलाईन" लावून घेऊ नका. ते मेडिकलचे काम नाही. रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायची सोय तिथे नसते.

## टप्पा ५ : पट्टी हातात घेऊन जुळवणे

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात. पैसे देण्याआधी औषधे काउंटरवर मांडा. चिठ्ठीवरच्या एकेका ओळीवर बोट ठेवा आणि तिच्यासमोर तिची पट्टी ठेवा. चिठ्ठीत पाच ओळी आणि पट्ट्या चार असतील तर पाचवी कुठे आहे ते विचारा. पट्ट्या सहा असतील तर सहावी कशाची ते तर नक्कीच विचारा.

आता प्रत्येक पट्टीवर क्रमाने पाहा.

नाव, आणि नावाचे शेपूट. पहिली चार अक्षरे जुळली म्हणजे औषध जुळले असे नाही. शेवटी लागलेले एम, एच, एएम, एसआर, फोर्ट हे सजावटीसाठी नसते. मधुमेहाच्या गोळीपुढे एम असेल तर त्यात बहुधा मेटफॉर्मिन मिसळलेले असते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनपुढे एएम असेल तर अम्लोडिपिन, आणि एच असेल तर लघवी वाढवणारे औषध. एसआर म्हणजे औषध पोटात हळूहळू सुटणारी गोळी. ती फोडून, कुटून किंवा चावून घ्यायची नसते. मोठी वाटते म्हणून तिचे दोन तुकडे करणारी घरे आजही पुष्कळ आहेत.

किती मिलिग्रॅम. अम्लोडिपिन अडीच, पाच आणि दहा मिलिग्रॅममध्ये येते. थायरॉईडची गोळी २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅममध्ये येते आणि तिच्या बाटल्या दिसायला सारख्याच. आकडा चिठ्ठीशी जुळलाच पाहिजे. "पन्नासची नाही, शंभरची अर्धी करा" असे दुकानात सांगितले गेले तर डॉक्टरांना फोन करून विचारा.

एक्सपायरी. पट्टीवर महिना आणि वर्ष असते. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. पण पट्टी पूर्ण महिनाभर लागणार असेल आणि मुदत पंधरा दिवसांनी संपत असेल तर दुसरी मागा.

कापलेली पट्टी. दहाऐवजी चारच गोळ्या हव्या असतील तर तसे मागायला संकोच नको. सुट्ट्या गोळ्यांचे पैसे पट्टीच्या किमतीच्या हिशेबानेच घ्यायचे असतात, जास्त नाही. फक्त बॅच आणि मुदत छापलेले टोक तुमच्याकडे येईल असे पाहा. ते दुकानातच राहणार असेल तर बिलावर दोन्ही लिहून घ्या.

क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर तो असावा लागतो. मोबाईलने स्कॅन केला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच, तारखा दिसतात. छापलेला बॅच आणि स्कॅनमधला बॅच वेगळा निघाला तर औषध परत करा.

घ्यायचा मार्ग. डोळ्याचे थेंब की कानाचे, हे बाटलीवर वाचून घ्या. बाटल्या सारख्या दिसतात. दम्याच्या मशीनमध्ये घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण बरेच आहेत. ती गिळून दम्याला काहीच उपयोग होत नाही. मशीन घेतले असेल तर फार्मासिस्टकडून तिथेच एकदा करून दाखवून घ्या, मग स्वतः करून त्याला दाखवा.

इन्सुलिन आणि सिरिंज. बाटलीतले इन्सुलिन आपल्याकडे बहुधा ४० युनिट प्रति मिली असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनातले आणि काही बाटल्यांतले १०० युनिट प्रति मिली असते. त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले तर अडीचपट डोस जातो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे दर वेळी, अगदी दर वेळी, बघा.

तपासा : प्रत्येक पट्टी हातात घेऊन फार्मासिस्टला स्वतः सांगा, "ही सकाळी जेवणानंतर, ही रात्री." तो मान हलवेल किंवा चूक सुधारेल. वाचता येत नसेल तर पट्टीवर पेनने खुणा करून घ्या : सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र. गोळ्या कापून त्यांची ओळख पुसणाऱ्या पाकिटांपेक्षा ही पद्धत चांगली.

## टप्पा ६ : बिल घ्या, आणि वाचा

बिल फक्त पैशांसाठी नसते. त्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर, मुदत आणि रक्कम असते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. तेव्हा सरकारी इशाऱ्यात औषधाच्या नावाबरोबर बॅच नंबर जाहीर झाला होता. घरातली बाटली त्याच बॅचची आहे का, हे ज्यांच्याकडे बिल किंवा लेबल होते त्यांनाच पाहता आले.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर एक रुपयाही वेगळा लागत नाही. "बिल नको, मग कमी करतो" असे कुणी म्हणाले तर नको म्हणा. बिलाचा आणि सगळ्या पट्ट्यांचा एकत्र फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गरमीत छापील बिलाची शाई महिन्याभरात उडते.

## टप्पा ७ : घरी नेताना ऊन आणि फवारणीचे औषध

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. गाडीच्या डिकीत किंवा बंद कारच्या काचेमागे तो आणखी वर जातो. बहुतेक औषधांवर "३० अंशांखाली ठेवा" किंवा "थंड जागी ठेवा" असे लिहिलेले असते. म्हणून उन्हाळ्यात मेडिकल हे बाजारातले शेवटचे काम असू द्या, पण अर्धा तास हाताशी ठेवून. औषध डिकीत टाकू नका, खांद्यावरच्या पिशवीत, कापडात गुंडाळून न्या.

इन्सुलिन नेताना थर्मासमध्ये थंड पाण्याची छोटी बाटली ठेवा आणि इन्सुलिन कापडात गुंडाळून घाला. बर्फाला थेट चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वाया गेलेलेच समजा.

सावध : कापूस-केळीच्या फवारणीची औषधे आणि माणसांची औषधे एका पिशवीत कधीही नको. बाटली झिरपते, वास लागतो, आणि अंधारात हात चुकीच्या बाटलीवर जातो. दोन वेगळ्या पिशव्या, घरी दोन वेगळ्या जागा. फवारणीचे औषध कुणाच्या पोटात गेले किंवा अंगावर सांडून चक्कर, लाळ, घाम सुरू झाला तर मेडिकलवर उतारा शोधत फिरू नका. उलटी करवू नका, भिजलेले कपडे काढून अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या.

## टप्पा ८ : घरी मात्रा देताना

मुलांचा ताप. पॅरासिटामॉलचे थेंब आणि पातळ औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असते. पातळ औषधात पाच मिलीत १२० किंवा १२५, आणि मोठ्या मुलांच्या औषधात पाच मिलीत २५०. बाळासाठी सांगितलेले "अर्धा चमचा" थेंबांच्या बाटलीतून दिले तर चौपट औषध जाते. देण्याआधी लेबल वाचा आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच मोजा. घरातला चमचा कधी तीन मिलीचा असतो, कधी आठचा.

ताप-दुखण्याचे नायमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना द्यायला २०११ पासून मनाई आहे. सर्दी-खोकल्याचे पातळ औषध दोन वर्षांखालील बाळाला देऊ नका, आणि पाच वर्षांखालीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मोठ्या भावाचे उरलेले धाकट्याला देणे तर बंदच करा.

पावडरची बाटली. अँटिबायोटिकच्या पावडरीत उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे. आधी थोडे घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. गरम पाणी नको. कालवलेले औषध किती दिवस चालते ते लेबलवर असते, बहुधा सात दिवस, आणि काही औषधे फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. उरले तर पुढच्या आजारासाठी ठेवू नका.

ओआरएस. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी टाकायची. पेल्यात चिमूट-चिमूट टाकून पाजणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात मीठ कधी कमी, कधी घातक इतके जास्त होते. छोटी पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेले पाण्याचे माप पाहा, बहुधा २०० मिली. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. गोड चवीचे तयार खोक्यातले पेय ओआरएसच्या जागी चालत नाही. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख शोधा. जुलाबात मुलाला झिंक १४ दिवस द्यायचे असते, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

मोठ्यांसाठी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, तापाच्या गोळीतही, अंगदुखीच्या गोळीतही. तिन्ही एकदम घेतल्या की लिव्हरवर भार येतो. प्रौढाला सगळे मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नाही. रोज दारू असेल तर त्याहून बरेच कमी, डॉक्टरांना विचारून. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या तासाने. रक्तवाढीची लोहाची गोळी चहाबरोबर नको. श्रावणातले उपास, नवरात्र किंवा रोजे असतील तर मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत घेऊ नका. आठ दिवस आधी डॉक्टरांकडून वेळापत्रक बदलून घ्या.

## टप्पा ९ : घरात ठेवण्याची जागा

चुलीशेजारचे फडताळ, टीव्हीवरची जागा, खिडकीची चौकट, फ्रिजचा माथा : चारही ठिकाणे चुकीची. धाब्याचे घर असेल तर आतल्या खोलीतला कोनाडा उत्तम, तिथे मे महिन्यातही बराच गारवा असतो. पत्र्याच्या घरात वरची फळी भट्टीसारखी तापते, तेव्हा डबा खालच्या फळीवर, पण कुलूप लावून, म्हणजे मुलांचा हात पोहोचणार नाही. गोळ्या पट्टीतच राहू द्या.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नाही. फ्रिज नसेल तर चालू बाटलीपुरती मातीच्या मडक्याची सोय होते : मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटे मडके, त्यात पाणी न शिरणाऱ्या डबीत इन्सुलिन, वरून ओले फडके, आणि मडके सावलीत, वारा लागेल असे. खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले गार राहते, पावसाळी दमट हवेत कमी. मडक्यात २ ते ८ अंश मिळत नाहीत, म्हणून साठा त्यात ठेवू नका. एका वेळी एकच बाटली आणा. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवायची. उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहा. डोळ्याचे थेंबही उघडल्यापासून महिन्याभरात टाकून द्यायचे, मग बाटलीवरची मुदत पुढच्या वर्षाची का असेना.

तपासा : कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, गोळीवर डाग आले, पातळ औषधाचा रंग किंवा वास बदलला, नेहमी स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर मुदत असली तरी वापरू नका. मुदत संपलेल्या गोळ्या पट्टीतून काढून माती-राखेत कालवून बंद पिशवीत टाका. नाल्यात किंवा विहिरीजवळ नको, आणि शेजाऱ्याला तर नकोच.

## टप्पा १० : त्रास झाला किंवा शंका आली तर

नव्या औषधानंतर ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकला किंवा अंगभर फोड आले तर औषध थांबवा आणि पट्टी घेऊन लगेच दवाखान्यात जा, गरज पडली तर १०८. नंतर रिअ‍ॅक्शनची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण स्वतःसुद्धा तिथे नोंद करू शकतो.

औषध बनावट वाटले, मुदत संपलेले मिळाले, फार्मासिस्ट नसताना चिठ्ठीची औषधे दिली जात असतील, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार करा. जास्त पैसे घेतले किंवा बिल नाकारले तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही सांगता येते. तक्रारीला जाताना औषध उरलेले असेल तसेच, मूळ पट्टीत किंवा बाटलीत ठेवा, दुकानदाराला परत देऊ नका. सोबत बिल, चिठ्ठीची प्रत, आणि औषध कधी घेतले, पहिला डोस कधी दिला, त्रास कधी सुरू झाला, या तीन वेळा कागदावर लिहून न्या.